वैमानिकाचा परवाना आणि विमानाचे राष्ट्रीयत्व : व्यावसायिक परवान्याच्या रूपांतराचा इतिहास

विमानविद्येच्या इतिहासात यंत्राच्या प्रगतीला जितके स्थान मिळाले आहे, तितके ते यंत्र चालविणाऱ्या माणसाच्या कागदपत्रांना मिळालेले नाही. इंजिनांची शक्ती, पंखांची घडण, युद्धातील पराक्रम यांवर विपुल लेखन झाले. परंतु विमान चालविण्याचा अधिकार कोणी, कोणाला व कोणत्या अटीवर दिला, आणि तो अधिकार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेताना त्याचे काय झाले, हा प्रश्न बहुधा कायद्याच्या अभ्यासकांवरच सोपविला गेला. वस्तुतः तो इतिहासाचाही प्रश्न आहे. कारण राज्याराज्यांतील विश्वास आणि अविश्वास यांची चढउतार त्यात इतर अनेक दप्तरांपेक्षा स्पष्ट उमटलेली दिसते.

प्रश्नाचे स्वरूप एका साध्या उदाहरणाने ध्यानात येते. भारतात नोंदलेले विमान घेऊन एखादा वैमानिक मुंबईहून लंडनला निघतो. वाटेत तो अनेक राज्यांच्या आकाशातून जातो आणि शेवटी ब्रिटिश भूमीवर उतरतो. या संपूर्ण प्रवासात त्याच्यापाशी केवळ भारतीय परवाना असतो आणि तो सर्वत्र पुरेसा ठरतो. परंतु त्याच विमानतळावर शेजारी उभ्या असलेल्या, त्याच बनावटीच्या पण ब्रिटनमध्ये नोंदलेल्या विमानात वैमानिक म्हणून बसण्याची त्याची इच्छा असेल, तर तो परवाना आपल्या बळावर चालत नाही. त्यावर तेथील अधिकाऱ्यांचा ग्राह्यतेचा शिक्का तरी मिळवावा लागतो, किंवा परीक्षा, वैद्यकीय तपासणी व प्रत्यक्ष उड्डाणाची चाचणी देऊन त्याचे रूपांतर तरी करून घ्यावे लागते. विमान तेच, धावपट्टी तीच, नियंत्रकाशी बोलण्याची भाषाही तीच. बदलते ती विमानाच्या अंगावर रंगविलेली नोंदणीची अक्षरे.

ही स्थिती आरंभापासून नव्हती. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय विमानक्रीडा महासंघाच्या छायेखाली निरनिराळ्या देशांतील विमान-मंडळे वैमानिकांना प्रमाणपत्रे देत असत. फ्रान्सच्या मंडळाने आपली पहिली प्रमाणपत्रे वर्णानुक्रमे वाटली. त्यामुळे पहिला क्रमांक लुई ब्लेरिओ यांच्याकडे गेला आणि दुसरा ग्लेन कर्टिस या अमेरिकन गृहस्थांकडे. विमानाचे आद्य जनक राइट बंधू आडनावाच्या आद्याक्षरामुळे बरेच मागे राहिले. ब्रिटनच्या मंडळाने ८ मार्च १९१० रोजी पहिले प्रमाणपत्र मूर-ब्रॅबझन यांना दिले. या कागदांना कायद्याचे बळ नव्हते. शर्यतीत भाग घेण्यास ते उपयोगी पडत, धारकाची प्रतिष्ठा वाढवीत, आणि एका मंडळाचे प्रमाणपत्र दुसरे मंडळ सहज मान्य करी. फ्रान्सचे दुसऱ्या क्रमांकाचे प्रमाणपत्र अमेरिकन माणसाच्या नावे असण्यात त्या काळी कोणालाही काही वावगे वाटले नाही. परवान्याचे रूपांतर ही कल्पनाच तेव्हा अनावश्यक होती. अर्थात त्या काळी भाडे देऊन विमानात बसणारा उतारूही जवळजवळ नव्हता, हे विसरून चालणार नाही. विमान कोसळले तर बहुधा चालविणाराच मरे.

पहिल्या महायुद्धाने हा क्रीडेचा काळ संपविला. आकाशातून बॉम्ब पडू शकतात हा अनुभव घेतल्यावर, आकाश समुद्राप्रमाणे सर्वांस मोकळे असावे या मताला फारसे समर्थक उरले नाहीत. १३ ऑक्टोबर १९१९ रोजी पॅरिस येथे स्वाक्षऱ्या झालेल्या विमानसंचारविषयक कराराच्या पहिल्याच कलमाने प्रत्येक राज्याचे आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण व अनन्य सार्वभौमत्व असल्याचे मान्य केले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र बारावे व तेरावे ही कलमे अधिक महत्त्वाची आहेत. विमानाचे राष्ट्रीयत्व ज्या राज्याचे, त्या राज्याने दिलेला अथवा ग्राह्य ठरविलेला परवाना वैमानिकापाशी असला पाहिजे, असे बाराव्या कलमाने ठरविले. आणि असा परवाना इतर करारबद्ध राज्यांनी मान्य करावा, असे तेराव्याने सांगितले.

या दोन कलमांची सांगड नीट लक्षात घेतली पाहिजे. परवाना सीमेपार मान्य करण्याचे बंधन त्यांनी घातले खरे, पण त्या मान्यतेचा आधार वैमानिकाचे कौशल्य हा न ठेवता विमानाचे राष्ट्रीयत्व हा ठेवला. ही कल्पना जहाजांच्या कायद्यातून आली, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे. जहाज ज्या निशाणाखाली चालते, त्या निशाणाच्या राज्याने त्याच्या कप्तानाची पात्रता ठरवावी, ही दर्यावर्दी राष्ट्रांची जुनी रीत होती. विमानाला राष्ट्रीयत्व दिल्यावर त्याच्या चालकाच्या परवान्यालाही तेच राष्ट्रीयत्व चिकटावे, हे ओघानेच आले. पुढील शंभर वर्षांत परवान्याच्या रूपांतरासाठी जे अर्ज लिहिले गेले, जी शुल्के भरली गेली आणि ज्या परीक्षा दिल्या गेल्या, त्यांचे मूळ बाराव्या कलमातील त्या एका अटीत आहे.

तेराव्या कलमाला एक पुरवणी होती व तिच्याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. आपल्याच नागरिकाला दुसऱ्या राज्याने दिलेला परवाना आपल्या भूमीवरील उड्डाणापुरता नाकारण्याचा हक्क तीत प्रत्येक राज्याने राखून ठेवला. परक्या माणसाचा परका परवाना चालेल, पण आपल्या माणसाचा परका परवाना चालेलच असे नाही, असा हा विलक्षण नियम आहे. त्यामागील भीती उघड आहे. घरच्या कडक परीक्षेत न टिकलेला माणूस शेजारच्या देशात जाऊन सोपा परवाना मिळवील आणि तो मिरवीत परत येईल, ही ती भीती. रूपांतराच्या नियमांत आजही जो संशयाचा सूर ऐकू येतो, तो इतका जुना आहे.

पात्रतेच्या किमान कसोट्या कराराच्या ‘इ’ परिशिष्टात दिल्या होत्या. दोन खांबांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळणे घेणे, ठराविक उंचीवरून इंजिन बंद करून तरंगत उतरणे, आणि व्यावसायिक वैमानिकासाठी त्यांच्या जोडीला तीनशे किलोमीटरचे दूरचे उड्डाण व अर्ध्या तासाचे रात्रीचे उड्डाण, असे त्यांचे स्वरूप होते. खाजगी व व्यावसायिक या भेदाला आंतरराष्ट्रीय कायद्यात अशा रीतीने स्थान मिळाले. करार ११ जुलै १९२२ पासून अंमलात आला. ब्रिटिश साम्राज्याचा घटक असूनही भारताची त्यावर स्वतंत्र स्वाक्षरी होती.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने मात्र या कराराबाहेर राहिली. त्यांचा स्वतःचा विमान-वाणिज्य कायदा १९२६ मध्ये झाला. त्याखालील पहिला परवाना ऑर्व्हिल राइट यांनी नम्रपणे नाकारल्यामुळे ६ एप्रिल १९२७ रोजी विल्यम मॅक्रॅकन या अधिकाऱ्याच्या नावे निघाला. कराराबाहेर राहण्याचा परिणाम असा झाला की अमेरिकेला प्रत्येक देशाशी स्वतंत्र बोलणी करावी लागली. कॅनडाशी ती प्रथम करणे अपरिहार्य होते, कारण दोहोंमधील सीमा हजारो मैलांची आणि विमानांची जा-ये रोजची. १९२९ च्या ऑगस्ट व ऑक्टोबर महिन्यांत दोन्ही सरकारांनी परस्परांना पत्रे लिहून विमानांचा प्रवेश व वैमानिकांचे परवाने यांविषयी व्यवस्था ठरविली. पुढे जागतिक करार झाला, दोन्ही देश त्यात सामील झाले, तरीही परवान्याच्या रूपांतरासाठी या दोन शेजाऱ्यांना पुन्हा एक स्वतंत्र करार करावा लागला व तो १ डिसेंबर २००६ पासून अंमलात आला. व्यावसायिक व विमानवाहतूक वैमानिकांनाही त्याचा लाभ मिळाला. मधल्या सत्त्याहत्तर वर्षांत सर्वसामान्य कराराने हे काम साधले नव्हते, एवढा बोध त्यातून होतो.

भारतात या इतिहासाचा आरंभ मुंबईच्या जुहू येथे झाला असे म्हणण्यास हरकत नाही. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांना भारतात दिला गेलेला पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला. तो भारत व ब्रह्मदेश यांच्या विमान-मंडळाने वर उल्लेखिलेल्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या वतीने दिला होता, म्हणजे जुन्या क्रीडापरंपरेचा धागा त्यात अजून तुटलेला नव्हता. परवानाधारकाचा जन्म १९०४ मध्ये पॅरिस येथे झालेला होता आणि त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडले ते याच १९२९ साली, हा योगायोग या विषयाच्या संदर्भात मौजेचा वाटतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले. आणि ते टपाल पुढे मद्रासकडे नेले नेव्हिल व्हिन्सेंट यांनी, जे ब्रिटिश विमानदलात नोकरी केलेले वैमानिक होते. भारतीय विमानव्यवसायाची पहिली फेरी ही अशी दोन भिन्न परंपरांत वाढलेल्या माणसांनी मिळून पुरी केली.

१९३४ च्या विमान अधिनियमाखाली १९३७ मध्ये जे नियम झाले, त्यांतील पंचेचाळिसाव्या नियमात परदेशी परवान्याची तरतूद आहे. परदेशातील सक्षम अधिकाऱ्याने दिलेला व चालू असलेला परवाना केंद्र सरकार योग्य वाटतील त्या अटींवर व त्या मुदतीपुरता भारतात नोंदलेल्या विमानांसाठी ग्राह्य ठरवू शकेल, असा त्याचा आशय. साम्राज्याच्या काळात तयार झालेला हा नियम स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके टिकला. त्यातील ‘योग्य वाटतील त्या अटींवर’ या शब्दांत पुढील सर्व परिपत्रकांचे बीज आहे.

दुसरे महायुद्ध संपत आले असताना ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे नवा करार झाला. भारताच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व सर गिरिजाशंकर बाजपेयी यांनी केले. या परिषदेत विमानवाहतुकीच्या व्यापारी हक्कांवरून अमेरिका व ब्रिटन यांच्यात जो वाद झाला, त्याची चर्चा इतकी झाली आहे की परवान्यांची कलमे त्या गदारोळात झाकून गेली. ती जवळजवळ तशीच्या तशी पॅरिसहून शिकागोला आली. बत्तिसाव्या कलमाने विमानाच्या नोंदणीच्या राज्याचाच परवाना मागितला व आपल्या नागरिकांविषयीची जुनी राखीव सवलतही कायम ठेवली. तेहतिसाव्याने परस्परमान्यतेचे बंधन घातले. भर पडली ती एका अटीची. ज्या कसोट्यांवर परवाना दिला, त्या आंतरराष्ट्रीय किमान मानकाइतक्या किंवा त्याहून वरच्या असतील, तरच मान्यतेचे बंधन लागू होईल. मानकात जो बसत नाही, त्याच्या परवान्यावर उणिवांची संपूर्ण नोंद करावी (एकोणचाळिसावे कलम), आणि अशा माणसाने दुसऱ्या राज्याच्या परवानगीवाचून त्याच्या हद्दीत शिरू नये (चाळिसावे कलम), अशीही व्यवस्था केली गेली.

हे किमान मानक १४ एप्रिल १९४८ रोजी ठरले. नव्या आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या परिशिष्टांत कर्मचाऱ्यांच्या परवान्यांचे परिशिष्ट पहिल्या क्रमांकाचे आहे. परवान्यांचे प्रकार, किमान वये, उड्डाणाचे तास, ज्ञानाचे विषय व वैद्यकीय अटी त्यात सांगितल्या आहेत. व्यावसायिक परवान्यास विमानावरील दोनशे तास, अथवा मान्यताप्राप्त सलग शिक्षणक्रमात दीडशे तास, हे त्यातील प्रसिद्ध माप. पण ‘किमान’ या शब्दाला दोन बाजू असतात. त्याखाली कोणी जाऊ नये हे ठरते, त्यावर कोणी किती जावे हे ठरत नाही. अमेरिकेने सर्वसाधारण मार्गाने येणाऱ्यास अडीचशे तास मागितले. युरोपने लेखी परीक्षेचा भार वाढविला. मग ज्याने अधिक मागितले, तो कमी मागणाऱ्याचा कागद आपल्या कागदाच्या बरोबरीचा कसा मानणार? समान पायामुळे उड्डाण सुकर झाले. रूपांतर मात्र त्या पायावर चढविलेल्या निरनिराळ्या मजल्यांमुळे अवघड होऊन बसले.

परदेशी परवान्याचे राज्य दोन प्रकारे स्वागत करते, आणि त्यांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. पहिला प्रकार ग्राह्यतेचा : मूळ परवाना तसाच ठेवून त्याला ठराविक मुदतीपुरते बळ द्यायचे. हे बळ मूळ परवान्याच्या मुदतीपलीकडे जात नाही. मूळ परवाना संपला की तेही संपते. दुसरा प्रकार रूपांतराचा : परदेशी परवान्याच्या आधारे नवा, स्वतंत्र परवाना द्यायचा. पहिल्यात पाहुणचार आहे, दुसऱ्यात दत्तकविधान. साहजिकच राज्ये पहिल्याबाबत उदार व दुसऱ्याबाबत कंजूष असतात. अमेरिका परदेशी परवान्याच्या आधारे सहजी जो परवाना देते तो खाजगी वैमानिकाचा. वेतन घेऊन उडायचे तर तेथील लेखी व प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. युरोपीय संघ व अमेरिका यांच्यात अलीकडे परवान्यांविषयी जी व्यवस्था झाली व २०२१ मध्ये अंमलात आली, तीही खाजगी परवान्यांपुरतीच आहे. पोटापाण्याचा प्रश्न जेथे सुरू होतो, तेथे औदार्य थांबते.

भारताचा मार्ग मधला म्हणता येईल. परदेशात व्यावसायिक परवाना मिळवून परतलेल्या उमेदवारास सगळे विषय पुन्हा द्यावे लागत नाहीत. विमाननियमांची एक व नौकानयन-हवामान यांची संयुक्त एक, अशा प्रश्नपत्रिका त्याच्यापुढे येतात. वैद्यकीय तपासणी व उड्डाणाची चाचणी वेगळी. रेडिओ-दूरध्वनीची परीक्षा तर दीर्घकाळ विमानखात्याच्या हातीच नव्हती, ती दळणवळण खात्याची बिनतारी शाखा घेई. २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमाने तो अधिकार विमानखात्याकडे आणला व १ जानेवारी २०२५ पासून तो अधिनियम अंमलात आला. एकाच माणसाच्या एकाच कौशल्याची दोन मंत्रालयांनी परीक्षा घेण्याची ही पद्धत एवढी वर्षे का टिकली, याचे समाधानकारक उत्तर तिच्या समर्थकांपाशीही नसावे.

अशा परीक्षांवर नेहमीचा आक्षेप असा की ज्याने परदेशात तेच शिकून परीक्षा दिली, त्याला पुन्हा बसविणे हा निव्वळ छळ आहे. आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धेच. अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या, निरभ्र आकाशात दोनशे तास उडालेल्या तरुणाने पश्चिम घाटावरचा आषाढातील ढग पाहिलेला नसतो. बंगालमधील वैशाखी वादळे, हिवाळ्यात वायव्येकडून येणारे विक्षोभ, गंगेच्या मैदानातील धुके हे भारतीय हवामानपत्रिकेचे विषय आहेत आणि ते असावेत हे योग्यच आहे. हवेचा दाब अमेरिकेत पाऱ्याच्या इंचांत सांगतात, भारतात हेक्टोपास्कलमध्ये. ज्या उंचीवर स्थानिक दाब सोडून प्रमाण दाब लावायचा, ती अमेरिकेत सर्वत्र अठरा हजार फूट आहे. अन्यत्र ती विमानतळागणिक बदलते. या गोष्टी क्षुल्लक दिसतात, परंतु उंचीमापक यंत्र चुकीच्या दाबावर लावले की डोंगर व विमान यांतील अंतर कागदावरच उरते. याउलट विमानाचा पंख त्याला का उचलून धरतो, हे तत्त्व मात्र देशागणिक बदलत नाही. युरोपीय पद्धतीत बाहेरच्या व्यावसायिक परवानाधारकास लेखी परीक्षांचा सगळा संच पुन्हा द्यावा लागतो. तेथे सावधगिरीची रेषा ओलांडून आपल्या परीक्षापद्धतीच्या अभिमानाची हद्द सुरू झाली आहे, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

मान्यतेच्या तत्त्वाची सर्वांत दारुण परीक्षा भारताच्याच आकाशात झाली. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ व दिल्लीकडे येणारे कझाकस्तानचे इल्यूशिन ७६ ही विमाने एकमेकांवर आदळली आणि दोन्हींतील मिळून ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. सौदी विमानाला चौदा हजार व कझाक विमानाला पंधरा हजार फुटांवर राहण्याची सूचना होती. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत कझाक विमान आपली नेमून दिलेली उंची सोडून खाली आल्याचे निष्पन्न झाले, आणि त्या विमानातील कर्मचाऱ्यांच्या इंग्रजीच्या अपुऱ्या ज्ञानामुळे संदेशाचा चुकीचा अर्थ लावला गेला, असा निष्कर्ष निघाला. सोव्हिएत परंपरेत उंची मीटरमध्ये मोजली जाई, हेही येथे ध्यानात ठेवावे.

आता या घटनेकडे परवान्याच्या दृष्टीने पाहावे. कझाक वैमानिकांनी भारतीय परवाना घेतला नव्हता व घेण्याची गरजही नव्हती. विमान कझाकस्तानचे, परवाना कझाकस्तानचा. तेहतिसाव्या कलमान्वये भारताने तो मान्य करणे क्रमप्राप्त होते. त्यांपैकी कोणी भारतीय विमान चालविण्यासाठी रूपांतराचा अर्ज केला असता, तर रेडिओवरील संभाषणाची परीक्षा त्याला द्यावी लागली असती. म्हणजे रूपांतर मागणाऱ्याची जी परीक्षा घेतली जाई, ती आकाशातून येणाऱ्याची होत नसे; आणि दिल्लीच्या उतारूंना धोका तर दोघांकडून सारखाच होता. १९१९ मध्ये केलेल्या विभागणीतील हा दोष त्या संध्याकाळी उघडा पडला. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेच्या महासभेने भाषेच्या प्रश्नावर ठराव केला, २००३ मध्ये परवान्यांच्या परिशिष्टात भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या आल्या, आणि ५ मार्च २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी निदान चौथी पायरी गाठणे आवश्यक ठरले. अनेक राज्यांना त्यापुढेही तीन वर्षांची सवड द्यावी लागली. किमान मानकाची पातळी वर उचलली गेली ती अशी, बारा वर्षांनी.

याच काळात व्यवसायाचे अर्थकारण पालटत होते. विमाने विकत घेण्याऐवजी भाड्याने घेण्याची पद्धत रूढ झाली. नोंदणी एका देशात, चालविणारी कंपनी दुसऱ्या देशात, अशी स्थिती आली म्हणजे बत्तिसावे कलम अक्षरशः पाळण्यासाठी कंपनीच्या सगळ्या वैमानिकांनी नोंदणीच्या देशाचा परवाना घेतला पाहिजे. यातून सुटका म्हणून १९८० मध्ये कराराला त्र्याऐंशी-पुनश्च हे कलम जोडण्यात आले, व ते १९९७ मध्ये अंमलात आले. त्यानुसार नोंदणीचे राज्य परवान्यांसंबंधीची आपली कर्तव्ये चालविणाऱ्याच्या राज्याकडे करार करून सोपवू शकते. विमानाची मालकी व भाडेपट्टा यांच्या सोयीसाठी राज्यांनी जबाबदारीच जागची हलविली. नोकरीसाठी देश बदलणाऱ्या वैमानिकासाठी मात्र असे कोणतेही कलम जोडले गेले नाही. १७ एप्रिल २०१९ रोजी मुंबईची जेट एअरवेज ही मोठी कंपनी बंद पडली, तेव्हा तिची भाड्याची विमाने मालकांनी नेली आणि ती थोड्याच काळात दुसऱ्या नोंदणीखाली उडू लागली. तिच्या वैमानिकांपैकी ज्यांनी परदेशाची वाट धरली, त्यांना मात्र प्रत्येक देशाच्या दारी ग्राह्यतेचा वा रूपांतराचा अर्ज घेऊन उभे राहावे लागले.

परवान्यांमधील भिंती पाडण्याचा सर्वांत व्यापक प्रयत्न युरोपात झाला. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांनी परस्परमान्यतेच्या सर्वसाधारण कायद्याखाली आपल्या वैमानिकांची सोय करून घेतली होती, पण तो दोघांपुरता मामला होता. युरोपातील विमान-अधिकाऱ्यांनी संयुक्तपणे तयार केलेले परवान्यांचे नियम १ जुलै १९९९ पासून लागू झाले. पुढे युरोपीय संघाने स्वतःची विमानसुरक्षा संस्था स्थापिली आणि २०११ च्या नियमावलीने, जी ८ एप्रिल २०१२ पासून लागू होऊ लागली, सदस्य राज्यांचे परवाने एकरूप केले. पोर्तुगालचा परवाना फिनलंडच्या विमानावर तसाच चालू लागला. येथे रूपांतर हा शब्दच निरर्थक झाला; १९१० नंतर प्रथमच.

ब्रिटन संघातून बाहेर पडले आणि संक्रमणाची मुदत ३१ डिसेंबर २०२० रोजी संपली. त्या रात्रीपर्यंत ब्रिटिश अधिकाऱ्यांनी दिलेला परवाना आयर्लंड, जर्मनी, स्पेन यांच्या विमानांवर चालत होता. दुसऱ्या दिवशी तो परक्या देशाचा कागद झाला. ज्यांना हे आधी उमगले त्या वैमानिकांनी आपली नोंद मुदतीपूर्वीच आयर्लंड, ऑस्ट्रिया अशा देशांकडे वळवून घेतली. जे राहिले त्यांना संघातील विमाने चालविण्यासाठी पुन्हा त्याच विषयांच्या परीक्षांकडे वळावे लागले, ज्या त्यांनी त्याच नियमांखाली आधी दिल्या होत्या. ब्रिटनने उलट संघाचे परवाने आपल्या विमानांवर दोन वर्षे, म्हणजे २०२२ अखेरपर्यंत, चालू ठेवले. संघाने तशी सवलत दिली नाही. कौशल्य, परीक्षा, तास, वैद्यकीय अटी यांपैकी त्या मध्यरात्री काहीच बदलले नव्हते. आणि तरीही १ जानेवारी २०२१ रोजी एखाद्या ब्रिटिश वैमानिकाने ब्रिटिश विमान पॅरिसला नेले असते, तर तेहतिसाव्या कलमाच्या आधारे त्याला कोणीही अडविले नसते. फ्रान्सला तो उतरविण्याइतका विश्वासार्ह होता, फ्रेंच विमान चालविण्याइतका नव्हता.

विश्वासाचा हा व्यवहार उलट्या बाजूनेही मोडू शकतो. २२ मे २०२० रोजी कराचीत पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सचे विमान कोसळून त्यातील ९७ जण मरण पावले. त्यानंतर २४ जून रोजी त्या देशाचे विमानमंत्री गुलाम सरवर खान यांनी राष्ट्रीय सभेत असे विधान केले की देशातील ८६० वैमानिकांपैकी २६२ जणांचे परवाने संशयास्पद आहेत. पुढील चौकशीत त्या यादीतील अनेकांचे परवाने ग्राह्य ठरले. पण तोवर व्हायचे ते होऊन गेले. युरोपीय सुरक्षा संस्थेने त्या कंपनीची युरोपातील उड्डाणे १ जुलैपासून स्थगित केली व ती बंदी २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत टिकली. तेवढ्याच महत्त्वाची घटना इतर देशांत घडली. व्हिएतनाम, मलेशिया, आखाती राज्ये येथे पाकिस्तानी परवान्याच्या आधारे काम करणाऱ्या वैमानिकांना एक तर घरी बसविण्यात आले, किंवा त्यांच्या परवान्यांची खातरजमा इस्लामाबादकडे मागण्यात आली. एका मंत्र्याच्या एका वाक्याने, वर्षानुवर्षे निर्वेधपणे उडणाऱ्या माणसांच्या कागदांचे मोल एका दिवसात उतरले. या प्रकाराकडे भारताने परकेपणाने पाहण्याचे कारण नाही. २०११ मध्ये येथेही खोट्या गुणपत्रिका जोडून परवाने मिळविल्याची प्रकरणे उघडकीस आली होती व त्यांत अटका झाल्या होत्या.

रूपांतराच्या अर्जाचे आजचे स्वरूप या सगळ्या अनुभवांनी घडविलेले आहे. परवाना, उड्डाणाची नोंदवही, वैद्यकीय दाखला, परीक्षांचे निकाल हे सारे उमेदवार स्वतः जोडतो. पण एक कागद असा असतो की जो त्याच्या हातून दिला तर स्वीकारलाच जात नाही. मूळ परवाना देणाऱ्या राज्याच्या अधिकाऱ्याने नव्या राज्याच्या अधिकाऱ्याला परस्पर पाठवायचे ते खातरजमेचे पत्र. या माणसाला आम्ही अमुक तारखेस अमुक क्रमांकाचा परवाना दिला, तो चालू आहे, त्याच्यावर कारवाई झालेली नाही, एवढाच त्यातील मजकूर. दोनच ओळींचे हे पत्र येईपर्यंत बाकीचे बाड फडताळात पडून राहते, आणि उमेदवाराच्या अखेरच्या उड्डाणाची तारीख दिवसेंदिवस जुनी होत जाते.